इंजिन नवे बांधले, पण सेल्फ उचलत नाही: अॅम्बॅसॅडर मार्क २

दाभोळखाडी

नमस्कार मंडळी,

वडिलांनी वापरलेली १९७१ सालची अॅम्बॅसॅडर मार्क २ माझ्याकडे आहे. आमचे घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर असून गाडी बरीच वर्षे घरामागच्या चिऱ्याच्या शेडमध्ये झाकून उभी होती. यंदा तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन पूर्ण उतरवून कोल्हापुरात बांधून घेतले. सिलिंडर रिबोर करून ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे पिस्टन टाकले, क्रँक २० थाऊ ग्राइंड करून नवी बेअरिंग बसवली, व्हॉल्व्ह घासून घेतले आणि दात झिजले होते म्हणून फ्लायव्हीलची रिंगही बदलली. इंजिन गाडीत चढवण्यापूर्वी ब्लॉक, मागची प्लेट आणि बेल हाउसिंग यांना रंगाऱ्याने दोन हात रंग दिला. इंजिन आज उत्तम चालते. ऑइल प्रेशर चांगले आहे, धूर नाही, चढाला दम लागत नाही. अडचण आहे ती फक्त सेल्फची, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरची.

सेल्फ मूळचाच, बेंडिक्स पिनियनचा (फिरताना आपोआप पुढे सरकून फ्लायव्हीलच्या रिंगेत शिरणाऱ्या लहान गिअरचा) आहे. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असून सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) बॉनेटखालच्या पत्र्यावर आहे. सकाळी गाडी थंड असताना सेल्फ जड आवाज करत इंजिन दोन-तीन वेळा फिरवतो आणि मग थबकतो. कधी त्यातच गाडी चालू होते, कधी होत नाही. शृंगारतळीला जाऊन आल्यावर, इंजिन तापलेले असताना बंद करून लगेच चालू करायला गेलो, तर नुसते 'टक्' होते आणि काहीही फिरत नाही, किंवा अर्धा फेरा होऊन जोरात झटका बसतो. अधूनमधून सेल्फ एकटाच 'सूंऽ' करत फिरतो आणि इंजिन जागचे हलत नाही. तर कधी खर्रकन दातांवर दात घासल्याचा आवाज येतो. या सगळ्यात मला विचित्र वाटणारी गोष्ट अशी, की सेल्फ मारताना हेडलाइट फारसे मंद होत नाहीत. घराच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडली, की गाडी पहिल्या झटक्यात चालू होते.

बॅटरी नवी आहे. आमच्याकडच्या इलेक्ट्रिशियनने सेल्फ उतरवून नवे कार्बन टाकले आणि टेबलावर थेट बॅटरी लावून पाहिला, तेव्हा तो जोरात फिरला. त्यांचे मत असे, की नव्याने बांधलेल्या घट्ट इंजिनाला हा जुना सेल्फ पुरा पडत नाही, म्हणून आजच्या गाड्यांचा गिअरवाला सेल्फ जमवून बसवावा. तो खर्च करण्याची माझी तयारी आहे, परंतु गाडी शक्य तितकी मूळ स्वरूपात राहावी, अशी मनापासून इच्छा आहे. सेल्फ बदलण्याआधी काय काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बंदरचा वायरमन

नमस्कार. मी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला ट्रॉलरच्या इंजिनांचे विजेचे काम करतो, आणि खाऱ्या हवेतले सेल्फ हा माझा रोजचा विषय आहे. आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत, की निम्मे निदान त्यातच झाले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे टेबलावर सेल्फ जोरात फिरला, यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या सेल्फला थोडासाच करंट लागतो. तोच सेल्फ नव्या पिस्टन रिंगांचे घर्षण आणि चार सिलिंडरचे कॉम्प्रेशन यांच्याविरुद्ध फिरायला लागला, की त्याला दीडशे-दोनशे अँपिअर आणि उचलण्याच्या क्षणी त्याहूनही बरेच जास्त लागतात. एवढ्या करंटला वाटेत कुठे अवघा ०.०१ ओहम अडथळा असला, तरी २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. हा अडथळा मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसत नाही, कारण मीटर तपासायला अगदी नगण्य करंट सोडतो. दहा तारांपैकी नऊ तुटलेली केबलही मीटरला धडधाकट वाटते. म्हणून अडथळा शोधायचा, तर सेल्फ प्रत्यक्ष इंजिन फिरवत असतानाच व्होल्टेज मोजले पाहिजे.

दुसरी गोष्ट हेडलाइटची. आपल्याला ती विचित्र वाटली, पण मला तीच सगळ्यात बोलकी वाटते. बॅटरी कमजोर असती किंवा सेल्फ आतून घासत असता, तर बॅटरीचे व्होल्टेज खाली बसून दिवे पिवळे पडले असते. दिवे जवळजवळ पूर्ण प्रकाश देत आहेत, याचा अर्थ बॅटरीत ताकद आहे, परंतु ती सेल्फपर्यंत पोहोचत नाही. हेडलाइटचे अर्थिंग बॉडीला असते आणि सेल्फचे अर्थिंग इंजिनाला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये विजेचा स्वाभाविक मार्ग नसतो, तिथे अर्थची पट्टी लावावी लागते. नवा रंग दिलेल्या इंजिनावर ही पट्टी रंगावरच आवळली गेली असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

आता मोजणी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि इग्निशन कॉइलची लहान वायर सोडवून ठेवा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने वाचायचे. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या, नाहीतर आर्मेचर, म्हणजे सेल्फमधला फिरणारा भाग, तापते. आधी बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खुंटांवर मीटरच्या सुया टेकवून वाचा. सुया टर्मिनलच्या पकडीवर न ठेवता खुंटावरच ठेवा, कारण खुंट आणि पकड यांच्यामधला पांढरा थरही व्होल्टेज खातो. पूर्ण चार्ज बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ फिरताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. मग एक सुई पॉझिटिव्ह खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारताना वाचा. मग एक सुई निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या लोखंडी अंगावर, रंग खरवडलेल्या जागी. दोन्ही बाजूंना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. निगेटिव्ह बाजूची घट मोठी निघाली, तर तिचे तुकडे पाडून मोजा: खुंट ते बॉडी, बॉडी ते ब्लॉक आणि ब्लॉक ते सेल्फचे अंग.

आणखी एक तपासणी मीटरशिवायची आहे. चार-पाच वेळा सेल्फ मारून झाल्यावर चोकच्या केबलला हात लावून पाहा. इंजिनाला परतीचा मार्ग मिळत नसेल, तर करंट चोकच्या, ॲक्सिलरेटरच्या किंवा स्पीडोमीटरच्या बारीक केबलमधून वाट काढतो आणि त्या तापतात. ती कोमट जरी लागली, तरी पुढचे प्रयोग थांबवून आधी अर्थ दुरुस्त करा. केबलचे आवरण वितळून आग लागू शकते.

हे आकडे कळवा. तोपर्यंत नवा सेल्फ घेऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

घाटमाथा

वायरमन साहेबांच्या म्हणण्याशी सहमत आहे. मी कोल्हापुरात इंजिन मशिनिंगच्या कामात आहे, म्हणून यांत्रिक बाजू मांडतो, कारण आपल्या वर्णनातल्या सर्वच गोष्टी विजेच्या नाहीत.

नवे इंजिन घट्ट असते, हे खरे आहे. सिलिंडर घासताना (होनिंग) पडलेल्या ताज्या रेषांवर नव्या पिस्टन रिंगा बसेपर्यंत घर्षण जास्तच राहते आणि काहीशे किलोमीटरनंतर ते कमी होते. पण किती घट्टपणा योग्य आणि किती धोक्याचा, हे हाताला कळते, आणि आपल्या गाडीला सुदैवाने पुढून हाताने इंजिन फिरवायचे हँडल आहे. चारही प्लग काढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन हँडलने सावकाश फिरवा. पूर्ण फेऱ्यात एकसारखा, तेलकट विरोध लागला, तर चिंता नाही. प्रत्येक फेऱ्यात ठरावीक एकाच जागी हात अडकत असेल, तर बेअरिंगची एखादी कॅप उलटी किंवा अदलाबदल होऊन बसली आहे का, याची शंका घ्यावी. मग दुसऱ्या माणसाला क्लच दाबायला सांगून पुन्हा फिरवा. क्लच दाबल्यावर इंजिन जास्त जड झाले, तर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरकडे पाहावे लागेल, कारण क्लच दाबताना क्रँक पुढे ढकलला जाऊन सारा भार त्यांच्यावर येतो. उतारावर गाडी सहज चालू होते, यावरून इंजिन मोकळे आहे असा निष्कर्ष मात्र काढू नका. टनभर वजनाची गाडी उतरताना कितीही घट्ट इंजिन फिरवून देते. पुढे कधी प्लग बसवलेले असताना हँडल फिरवताना ते एखाद्या ठिकाणी पूर्ण अडले, तर जोर करू नका. हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असेल, तर जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो.

तापल्यावर बसणारा झटका हा मात्र मला टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचा प्रकार वाटतो. इंजिन बांधताना डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) आणि त्याचा ड्राइव्ह गिअर काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि ठिणगी प्रमाणापेक्षा आधी पडू लागली, तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच मिश्रण पेटून क्रँकला उलटा धक्का देते. थंड इंजिनात हे कमी जाणवते, तापल्यावर जास्त. परीक्षा सोपी आहे: इंजिन चांगले तापवून बंद करा, कॉइलची लहान वायर सोडवा आणि सेल्फ मारा. वायर सोडल्यावर सेल्फ गुळगुळीत फिरला आणि जोडल्यावर झटके आले, तर दोष टायमिंगचा आहे. तो सेल्फच्या नाकावर आणि बेंडिक्सच्या स्प्रिंगवर आघात करतो, म्हणून पुढे ढकलू नये. ही शंका मिटेपर्यंत कॉइल जोडलेली असताना हँडल मारू नका. आणि एरवीही अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने न वळवता बोटांबरोबर एकाच बाजूला ठेवा. उलटा फटका बसला तर हँडल हातातून सुटून जाते, मनगट मोडत नाही.

राहिला दातांचा आवाज. आपण नवी रिंग टाकली आहे. ही रिंग फिकट निळा रंग येईपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत, सगळीकडे सारखी तापवून फ्लायव्हीलवर बसवतात. तिच्या दातांना एका बाजूने उतार दिलेला असतो आणि पिनियन ज्या बाजूने आत शिरतो, त्या बाजूला तो उतार यावा लागतो. रिंग उलटी बसली, तर पिनियन प्रत्येक वेळी सपाट कडेवर आदळतो. सेल्फ उतरवाल तेव्हा त्याच्या भोकातून टॉर्चच्या उजेडात दात पाहा. एका दाताला खडूची खूण करून हँडलने पूर्ण फेरा तपासा. चार सिलिंडरचे इंजिन थांबताना कॉम्प्रेशनमुळे नेहमी जवळपास दोनच समोरासमोरच्या जागी थांबते, म्हणून जुन्या रिंगेचे दात त्या दोन भागांत झिजलेले आणि बाकी नव्यासारखे दिसतात. आपल्या नव्या रिंगेवर एवढ्यातच त्या दोन जागी ओरखडे दिसू लागले असतील, तर उताराची बाजू नक्की तपासा.

दाभोळखाडी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या भाच्याला सोबत घेऊन सगळी मोजणी केली. इंजिन थंड असताना आलेले आकडे असे आहेत.

बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना खुंटांवर १०.९. पॉझिटिव्ह खुंट ते सेल्फचा बोल्ट ०.६. निगेटिव्ह खुंट ते सेल्फचे अंग २.५. म्हणजे सेल्फच्या वाट्याला प्रत्यक्ष ७.८ व्होल्टच येत होते. निगेटिव्ह बाजूचे तुकडे पाडले, तेव्हा खुंट ते बॉडी ०.२, बॉडी ते ब्लॉक १.७ आणि ब्लॉक ते सेल्फचे अंग ०.६ मिळाले. चोकची केबल चांगलीच गरम लागली, म्हणून तिथेच थांबलो.

अर्थची पट्टी सोडवून पाहिली. इंजिनाकडचे तिचे टोक खरोखरच रंगावर आवळलेले होते; बोल्टच्या फक्त आट्यांमधून थोडाबहुत करंट जात असावा. बॉडीकडच्या टोकाला विणलेल्या तांब्याच्या तारा निळ्या-हिरव्या होऊन बोटाने चुरा व्हाव्यात इतक्या कुजल्या होत्या. सेल्फ जिथे बसतो, त्या प्लेटवरही रंगाचा जाड थर आहे.

हँडलने प्लग काढून इंजिन एकसारखे फिरते आणि क्लच दाबल्याने फरक पडत नाही. तापलेल्या इंजिनाची परीक्षा अर्थ दुरुस्त झाल्यावर करीन. आता प्रश्न असा, की अर्थ टिकाऊ कसा करावा? इथल्या हवेत काहीही वर्षभरात गंजते.

बंदरचा वायरमन

आकडे अगदी स्पष्ट आहेत. २.५ व्होल्ट परतीच्या वाटेवरच गेले. अशा सिरीज मोटरला करंट कमी मिळाला, की तिचा जोर करंटच्या प्रमाणाहूनही जास्त घटतो, म्हणून साडेसात-आठ व्होल्टवर तो सेल्फ मेल्यासारखा वागत होता. तापल्यावर 'टक्' का होत होते, त्याचाही काही भाग इथे उलगडतो. तांब्याचा अडथळा तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सेल्फ इंजिनाच्या उष्णतेने ६० अंश जरी अधिक तापला, तरी त्याच्या वळणांचा अडथळा जवळजवळ पाव पटीने वाढतो. ज्याला मुळातच अपुरे व्होल्टेज मिळते, त्याला ही वाढ पेलत नाही.

आता टिकाऊ अर्थविषयी. तयार मिळणाऱ्या विणलेल्या उघड्या पट्ट्या समुद्राकाठी वापरू नका. विणीच्या प्रत्येक फटीत खारट ओल शिरते आणि ती तिथून बाहेर पडत नाही. त्याऐवजी ३५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंगची केबल घ्या. तिच्यात केसासारख्या बारीक तारा असल्याने इंजिन हलले तरी ती तुटत नाही, आणि वरचे रबर चिवट असते. बोटींच्या कामासाठी कल्हई केलेल्या तांब्याची केबल मिळते. ती मिळाली तर सोन्याहून पिवळे. जाड दिसणारी केबल विकत घेताना टोक सोलून आतले तांबे पाहा, कारण बाजारात बोटभर जाड रबर आणि आत काडीएवढे तांबे अशा केबलीही सर्रास मिळतात.

टोकांना तांब्याचे कल्हईचे लग (बोल्टखाली बसणारी भोकाची टोपणे) घाला आणि ते हातोडीने न चेपता हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. कोणत्याही बंदरातल्या किंवा एमआयडीसीतल्या पॅनलवाल्याकडे तो प्रेस असतो. लगच्या मानेपासून केबलच्या रबरावर दोन बोटे चढेल, अशी आतून डिंक असलेली, तापल्यावर आक्रसणारी हीट-श्रिंक नळी तापवून बसवा. लग आणि रबर यांच्यामधली उघडी तार हीच खाऱ्या हवेची शिरायची जागा असते. तिथून आत गेलेला हिरवा गंज रबराखाली वीतभर पसरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जिथे लग बसणार, ती जागा ब्लॉकवर आणि बॉडीवर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. लगखाली दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि मग बाहेरून पेट्रोलियम जेली किंवा गंजरोधक मेण भरपूर लावा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी धातूला धातू भिडवायचा, मग झाकायचे. रंग द्यायचाच असेल, तर सगळे आवळून झाल्यावर वरून द्यावा. शक्य असल्यास बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून दुसरी एक केबल थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत ओढा; मग बॉडीच्या पत्र्याच्या सांध्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. मी बोटींवर नेहमी असेच करतो. सेल्फच्या प्लेटवरचा रंगही, सेल्फची कड जिथे टेकते तेवढ्या गोलात, पूर्ण खरवडा. सेल्फची परतीची वाट म्हणजे तीच कड आणि ते दोन बोल्ट.

वेंगुर्ला रोड

उशिरा लिहितो आहे, पण सेल्फ प्लेटवरून उतरणारच आहे, तेव्हा हे काम त्याच बैठकीत उरकावे. माझ्याकडे जुनी विलिस जीप आहे आणि बेंडिक्सच्या सेल्फशी माझा बराच सहवास आहे.

सेल्फ एकटाच फिरतो आणि पिनियन पुढे जात नाही, याचे कारण बहुतेक वेळा ग्रीस असते. बेंडिक्समध्ये पिनियनला ढकलणारा कोणी नसतो. शाफ्ट अचानक वेगाने फिरतो, पिनियन स्वतःच्या जडत्वामुळे मागे राहतो आणि म्हणून तिरक्या आट्यांवरून सरकत रिंगेत शिरतो. इंजिन चालू झाले, की रिंग त्याला जास्त वेगाने फिरवून परत बाहेर फेकते. ही सगळी हालचाल मोकळ्या आट्यांवर अवलंबून आहे. कोणी प्रेमाने तिथे ग्रीस भरले, की क्लचची धूळ आणि दमट हवा मिळून त्याची काळी लापशी होते, आणि मग पिनियन शाफ्टबरोबरच फिरतो, पुढे जात नाही. पुढे सेल्फला पुरेसे व्होल्टेज नसेल तर शाफ्टला तो अचानक झटकाही मिळत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र असू शकतील.

पिनियनचा भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने ब्रश मारून धुवा, कोरडा पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब आट्यांवर सोडा. ग्रीस अजिबात नको. हाताने फिरवल्यावर पिनियन शेवटपर्यंत जाऊन स्प्रिंगने सहज परतला पाहिजे. मोठ्या स्प्रिंगला तडा आहे का, तेही पाहा, कारण उलट्या झटक्यांनी ती तुटते.

त्याच वेळी शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. बुश झिजले असतील, तर आर्मेचर आतल्या पोल शूंना घासते, त्यावर चकाकणारे पट्टे दिसतात आणि सेल्फ भरमसाट करंट खाऊनही जड फिरतो. नवे बुश छिद्राळ ब्राँझचे असतात. ते बसवण्याआधी दिवसभर स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावे लागतात, कारण नंतर त्यांना तेल द्यायची सोय नसते. कम्युटेटर, म्हणजे कार्बन जिथे घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची जागा, काचकागदाने साफ करा. एमरीचे कण तांब्यात रुततात. आणि डायनॅमोप्रमाणे त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरायला कोणी सुचवले, तर नको म्हणा. लुकासच्या या सेल्फमध्ये तो कोरायचा नसतो.

पिनियन रिंगेत अडकून बसलाच, तर हातोडी मारू नका. सेल्फच्या मागच्या टोकावर टोपीखाली शाफ्टचे चौकोनी टोक असते, ते पान्ह्याने फिरवले की पिनियन सुटतो. चौकोनी टोक नसेल, तर इग्निशन बंद ठेवून टॉप गिअर टाका आणि गाडी मागेपुढे हलवा.

गिअरवाल्या सेल्फबद्दल माझे मत: तो वाईट नाही, कमी करंटमध्ये जास्त जोर देतो. पण या गाडीच्या रंगाखालचा दोष त्याने झाकला गेला असता आणि तापलेली चोक केबल कोणाला कळली नसती. शिवाय त्याच्या पिनियनचे दात आणि शिरण्याची बाजू तुमच्या नव्या रिंगेशी जुळेलच, असे नाही. मूळ सेल्फ दुरुस्त होत असताना तो बदलू नये.

दाभोळखाडी

काम झाले, आणि आपणा सर्वांमुळे ते योग्य क्रमाने झाले.

वेल्डिंगच्या केबलच्या दोन अर्थ केबली चिपळूणमध्ये लग दाबून करून घेतल्या. एक बॉडी ते ब्लॉक आणि दुसरी बॅटरीच्या खुंटापासून थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत. प्लेटवरचा रंग खरवडला. बेंडिक्समध्ये अगदी वेंगुर्ला रोड यांनी वर्णन केले, तशी काळी लापशी निघाली. ती धुतल्यावर पिनियन बोटाच्या टिचकीने पळू लागला. पुढच्या बाजूचा बुश थोडा सैल आहे, पण आर्मेचरवर घासल्याचे पट्टे नाहीत.

रिंगेचे सगळे दात खडूची खूण करून पाहिले. उताराची बाजू बरोबर आहे. दोन समोरासमोरच्या जागी काही दातांच्या कडांवर बारीक खरचटे आहेत, तेवढेच. ग्रीसमुळे अर्धवट शिरणाऱ्या पिनियनचे ते असावेत. आता खर्रकन आवाज येत नाही.

नवे आकडे: सेल्फ मारताना खुंटांवर १०.४, पॉझिटिव्ह बाजूची घट ०.३, निगेटिव्ह बाजूची एकूण घट ०.३. पॉझिटिव्हची केबलही त्याच जाडीची टाकली. सेल्फला आता ९.८ व्होल्ट मिळतात आणि इंजिन असे फिरते, की पहिल्याच प्रयत्नात चालू होते. चोकची केबल थंडगार आहे.

तापलेल्या इंजिनावर कॉइल सोडून परीक्षा केली, तेव्हा सेल्फ गुळगुळीत फिरला आणि कॉइल जोडताच एक झटका आला. घाटमाथा यांचे निदान बरोबर ठरले. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप आधी जुळवून मग टेस्ट लॅम्पने टायमिंग लावले. ठिणगी बरीच आधी पडत होती. झटका गेला, आणि घाटीच्या चढावर येणारा टकटक आवाजही त्याबरोबर गेला. तो आवाज मी पेट्रोलचा समजत होतो.

दोन शंका उरल्या आहेत. दुरुस्तीनंतर बॅटरीच्या खुंटांवरचे व्होल्टेज १०.९ वरून १०.४ पर्यंत खाली आले, हे चिंतेचे आहे का? आणि पॉझिटिव्ह बाजूची ०.३ घट आणखी कमी करावी का?

बंदरचा वायरमन

वाचून फार आनंद झाला. १०.४ हे चांगले लक्षण आहे. पूर्वी वाटेतला अडथळा करंट रोखून धरत होता, म्हणून बॅटरीवर भार कमी पडत होता आणि तिचे व्होल्टेज वर राहत होते. आता सेल्फ हवा तेवढा करंट घेतो, म्हणून ते थोडे उतरते. ९.६ च्या वर आहे तोवर बॅटरीविषयी काळजी नको.

पॉझिटिव्हकडच्या ०.३ चा शोध घ्यायचा असेल, तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर सुया ठेवून सेल्फ मारताना वाचा. तिथे ०.१ च्या आसपास आले, तर सोलेनॉइडला हात लावू नका, बाकीची घट केबल आणि सांध्यांची आहे. ०.२ च्या वर आले, तर आतली तांब्याची चकती जळून खडबडीत झाली आहे असे समजा आणि सोलेनॉइड बदला. तो सेल्फच्या मानाने फार स्वस्त असतो. पावसाळ्यापूर्वी बुश बदलून घ्या, आणि सेल्फ परत चढवताना प्लेटवरच्या खरवडलेल्या गोलावर गंज धरला आहे का, तेवढे पाहा.

घाटमाथा

टायमिंग सापडले, हे उत्तम झाले. नव्या पिस्टन रिंगा बसल्या, की पहिल्या ऑइल बदलाच्या वेळी हेडचे नट पुन्हा टॉर्क करा आणि टॅपेट जुळवा. त्यानंतर पॉइंटचा गॅप आणि टायमिंग एकदा पुन्हा तपासा, कारण नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते आणि त्याने टायमिंग सरकते.